सात भूमिपूजनांचे बडेबाबू

साहेब नोकरी सोडणार हे साहेबाच्या बायकोच्याही आधी ज्याला कळतं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या ऑफिसात हजेरीपटाशेजारच्या टेबलावर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी चोळत बसलेला असे. आम्ही सगळे त्यांना बडेबाबू म्हणायचो. चामोर्शीत बी-बियाणांच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. खाली युरियाची पोती, वर आम्ही, त्यामुळे पहिल्या दिवशी येणारा प्रत्येक साहेब आधी शिंकायचा आणि मग खुर्चीवर बसायचा. कंपनीला आमच्या भागातल्या एका डोंगरातून लोखंडाचा दगड काढायचा होता. मी ब्रह्मपुरीहून पत्रव्यवहार सांभाळायला म्हणून तिथे लागले आणि ऑफिसला कुलूप लागेपर्यंत टिकले. तेवढ्या काळात डोंगरातून लोखंडाची एक टोपलीही बाहेर आली नाही. बाहेर गेले ते प्रकल्पप्रमुख, एकामागून एक, सात. बाकीच्या कंपन्या खनिज काढतात, आमची कंपनी साहेब काढायची. आणि येणाऱ्याला हार घालण्यापासून जाणाऱ्याच्या गाडीत बांबूची परडी ठेवण्यापर्यंत सगळा कारभार बडेबाबूंच्या हातात होता.

तरुणपणी त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केली होती. राजा, सासरा, इन्स्पेक्टर, जे मिळेल ते. धान कापून झालं की मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, मंडप पडायचे आणि बडेबाबू एका गावातून दुसऱ्या गावात राजा होत फिरायचे. तो राजा पुढे ऑफिसात आला तरी अंगातून गेला नव्हता. आवाज असा की माइक लावला तर माइकच लाजावा. बारा महिने राखाडी सफारी, खिशात दोन पेन. एक स्वतःचं, दुसरं साहेबांनी सही करताना "पेन?" असं म्हणत हात पुढे केला तर असावं म्हणून. निरोपसमारंभात त्यांचं भाषण शेवटी असे आणि सगळे त्यासाठीच थांबत. भाषण प्रत्येक वेळी तेच. "साहेब, तुमी चालले आन् आमी पोरके झालो" या वाक्यावर ते थांबत, 'पोरके' या शब्दावर त्यांच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब निघे, गालाच्या मध्यापर्यंत येई आणि तिथेच राही. उजवा डोळा पूर्ण कोरडा. मी एकदा विचारलं की डावाच का. म्हणाले, "प्रेक्षक डाव्या बाजूले बसते न, म्याडम. उजव्या बाजूनं पेटीवाला असे. त्याच्यासाठी कायले रडाचं?"

साहेबांची नावं ते कधी पाठ करत नसत. समोर 'साहेब' आणि मागे पहिले, दुसरे, तिसरे. "पाठ होईस्तोवर ते जाते," असं त्यांचं स्पष्टीकरण. जाण्याची चाहूल त्यांना लागायची ती अगदी साध्या गोष्टींवरून. साहेबाने टेबलावरचा स्वतःचा चहाचा कप घरी नेला की एक खूण. साहेब जेवणानंतर खिडकीशी उभा राहून जंगलाची तारीफ करायला लागला की दुसरी. तिसऱ्या साहेबांच्या वेळची गोष्ट आहे. हे गोल्फ खेळायचे, म्हणजे चामोर्शीला येण्याआधी खेळायचे. सोमवारी सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं की, डोंगर चालू केल्याशिवाय मी इथून हलणार नाही, दहा वर्षं लागली तरी चालतील. आम्ही टाळ्या वाजवल्या. बडेबाबू टाळ्या वाजवत माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "म्याडम, मानपत्र लिहायले घ्या."

"कोणाचं?"

"याईचं."

"अहो, ते आत्ता तर म्हणाले दहा वर्षं."

"म्हणून तं म्हणतो."

गुरुवारी मुख्यालयातून पत्र आलं. साहेब व्यक्तिगत कारणास्तव कंपनीतून मुक्त होत आहेत.

'व्यक्तिगत कारणास्तव' हे दोन शब्द मी साहेबांच्या कार्यमुक्तीच्या पत्रांत सहा वेळा टाइप केले. खरं म्हणजे एकदाच केले, पुढे फक्त नाव बदलत गेले. पाचव्या साहेबांच्या वेळी तेही बदलायचं राहून गेलं आणि चौथे साहेब पुन्हा एकदा कंपनीतून मुक्त झाले. ती चूक कोणाच्याच लक्षात आली नाही, खुद्द पाचव्या साहेबांच्याही नाही. त्यांनी ते पत्र चौकटीत लावून घेतलं. पण कारण व्यक्तिगत नव्हतं हे खालच्या युरियावाल्यालाही माहीत होतं. कारण तो डोंगर होता. डोंगराच्या पायथ्याला, नाल्यापलीकडे जे गाव आहे, त्या गावाचं पेन, म्हणजे त्यांचा देव, त्या डोंगरावर आहे. मोह, चारोळी, तेंदू सगळं तिथलंच. प्रत्येक नवा साहेब पहिल्या महिन्यात ग्रामसभेत जाई. पडद्यावर चित्रं दाखवी, त्यात हसणारी मुलं आणि पिवळी यंत्रं असत. लोक शांतपणे बघत, चहा देत आणि 'नाही' म्हणत. मग साहेब परत येऊन मुख्यालयाला कळवी की चर्चा सकारात्मक झाली. असे दोन-तीन सकारात्मक अहवाल गेले की मुख्यालयाला काय ते समजे.

त्या ग्रामसभेत सगळ्यात पुढे बसून 'नाही' म्हणणारी म्हातारी ही बडेबाबूंची सख्खी थोरली बहीण. ते तिला बाई म्हणत, मीही म्हणू लागले. बारीक, ताठ, कपाळावर गोंदण. तिला मराठी चांगलं येत असे, पण साहेब समोर असला की ती फक्त गोंडीत बोले आणि भाषांतराला बडेबाबू उभे राहत. योगावाल्या पाचव्या साहेबांना तिने एकदा चांगलं दहा मिनिटं सुनावलं. हात डोंगराकडे गेला, नाल्याकडे गेला, साहेबाच्या बुटांकडे गेला, शेवटी भावाकडेही गेला. सभा हसत होती. साहेबाने विचारलं, काय म्हणतात? बडेबाबूंनी घसा साफ केला. "नाई म्हणते, साहेब. पण तुमची तब्येत विचारून राह्यली." साहेबाने हात जोडले. बाईनेही जोडले. गावात बडेबाबूंना कंपनीचा बैल म्हणत, आणि हे नाव ठेवलं होतं तेही बाईनेच.

मग हा माणूस कंपनीत कशाला होता, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं होतं. त्या दिवशी त्यांनी नाटक केलं नाही. गावाच्या आणि सडकेच्या मधे जो नाला आहे, तो एरवी मांडीभर पाण्याचा, पावसाळ्यात दोन माणूस खोल. फार वर्षांपूर्वी श्रावणात बाईच्या नवऱ्याला साप चावला. लोकांनी त्याला खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणलं. बडेबाबू या काठावर जीप घेऊन उभे होते. पाणी उतरायची वाट बघत खाट त्या काठावर आणि जीप या काठावर, अशी दुपार गेली. पाणी उतरलं तेव्हा जीपचं काम उरलं नव्हतं. "मी इकून आवाज देऊन राह्यलो, भाऊजी डोळे उघडा, भाऊजी डोळे उघडा," ते म्हणाले. "अख्ख्या झाडीपट्टीत पोचे माझा आवाज. तिथी पोचला नाई." त्यानंतर कंपनी आली आणि पहिल्या साहेबांनी जाहीर केलं की कंपनी नाल्यावर पूल बांधेल. बडेबाबूंनी दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. नोकरी संपायच्या आत तुझ्या दारात पूल आणतो, असं त्यांनी बाईला वचन दिलं. बाई म्हणाली, "त्या पुलावरून आधी ट्रक येतीन. मंग मी." पूल पाहिजे आणि डोंगरही पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं आणि दोन्ही गोष्टी एका माणसाने एकदम मागू नयेत असं कंपनीचं. बडेबाबू या दोघांच्या मधे सफारी घालून उभे होते.

तरी भावाबहिणीचं बोलणं कधी तुटलं नाही. पावसाळ्यात दर रविवारी हे या काठावर छत्री घेऊन उभे राहत, बाई त्या काठावर, आणि दोघं पाण्यावरून भांडत. नाटकातला आवाज इथे कामी येई. बाईचा आवाज तर जन्मजातच तसा. "दवाई घेतली काय?" असं इकडून, "तुझ्या कंपनीले पाज ते दवाई," असं तिकडून. पाऊस नसला की ती चारोळीची पुरचुंडी पाठवी आणि सोबत निरोप असे की हे भावासाठी आहे, बैलासाठी नाही.

आता भूमिपूजनांबद्दल. आमच्या कंपनीत एक रीत होती. गेलेल्या साहेबाच्या कामाला नवा साहेब हात लावत नसे. आधीचा अडचणीत येऊन गेला, तेव्हा त्याचं सगळंच अडचणीचं, मग ते गाळउपसा असो की पूल. त्यामुळे नवा साहेब आला की पूल पुन्हा पहिल्यापासून: नवा नकाशा, नवी फाइल, नवं भूमिपूजन. बडेबाबूंचा आग्रह असे की भूमिपूजन पहिल्या आठवड्यातच उरकावं. "उशीर केला तं नारळ यांच्या हातचा आन् दगड दुसऱ्याच्या नावाचा होते." कोनशिला ते स्वतः चंद्रपूरला जाऊन कोरून आणत, आणि दगड वीतभर जाड आणि हातभर रुंदच लागे. पातळ फरशीवर काम भागेल असं मी सुचवलं तेव्हा ते दुखावले. "साहेब हलका असला तरी दगड भारी पायजे, म्याडम." पहिल्या भूमिपूजनाला बाई नाल्यापलीकडून बघत होती. तिने भावाला हाक मारून विचारलं, "जमिनीची पूजा करून राह्यले, तं आधी जमिनीले विचारलं काय?" त्यांनी साहेबांना सांगितलं की गावकरी शुभेच्छा देत आहेत.

एकेक करत नाल्याकाठी काळ्या दगडांची रांगच लागली, रेशनच्या दुकानासमोर उभी असल्यासारखी. चौथे साहेब जरा चौकस होते. नारळ हातात घेऊन ते आधीच्या तिन्ही दगडांवरची नावं वाचत गेले आणि थबकले. "हे सगळे आता कुठे असतात?" बडेबाबू तबक सावरत म्हणाले, "प्रगतिपथावर आहेत, साहेब." चौथ्या साहेबांनी नारळ फोडला खरा, पण त्यांचा चेहरा त्या दिवशी जो उतरला तो चामोर्शी सोडेपर्यंत चढला नाही. सहावे साहेब इतके थोडे दिवस होते की त्यांच्या दगडावरचा सोनेरी रंग वाळायच्या आत मी त्यांचं मानपत्र छापायला दिलं होतं.

सातव्या साहेबांनी मात्र बडेबाबूंना फसवलं. त्यांनी कप घरी नेला नाही. जंगलाची तारीफ केली नाही. ग्रामसभेत पडदा न लावता खाली सतरंजीवर बसले, 'नाही' ऐकलं आणि आल्यावर अहवालात 'नाही'च लिहिलं. मी ते टाइप करताना दोनदा विचारून घेतलं. वर ते म्हणाले की डोंगराचं जे व्हायचं ते होवो, पूल मी करतो. नाल्याच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकल्या गेल्या, चुन्याची रेघ मारली गेली. बडेबाबूंच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्या पावसाळ्यातल्या शेवटच्या रविवारी त्यांनी काठावरून ओरडून सांगितलं, "बाई, यंदा होते." पलीकडून पहिल्यांदाच उलट उत्तर आलं नाही. बाई नुसती मान हलवून गेली. या माणसाने पुलाच्या उद्घाटनासाठी एक चांगली शाल आणून कपाटात ठेवली होती, आणि ती साहेबांसाठी आहे की बाईसाठी हे मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सातवे साहेब बैठकीसाठी नागपूरला गेले आणि तिथूनच गेले. निरोपसमारंभ नाही, परडी नाही. तीन ओळींचा मेसेज आला, त्यात 'व्यक्तिगत कारणास्तव' त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं. आठ दिवसांनी दुसरं पत्र आलं: प्रकल्प गुंडाळण्यात येत आहे, चामोर्शी कार्यालय महिनाअखेरीस बंद. बडेबाबूंनी ते पत्र वाचलं, आवक नोंदवहीत चढवलं, शिक्का मारला. मग दोन्ही पेनं खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसून राहिले. मला या माणसाच्या भाषणांचं नेहमी हसू यायचं. त्या दिवशी वाटलं, यांनी उठून काहीतरी नाटकी बोलावं. ते बोलले नाहीत आणि मला रडू आलं.

शेवटच्या दिवशी मी त्यांचं मानपत्र लिहून आणलं. द्यायला साहेब नव्हता, टाळ्यांना माणसं नव्हती, खुर्च्यासुद्धा सकाळीच गाडीत चढल्या होत्या. त्यांनी ते उभ्याने वाचलं, एका जागी वेलांटी दुरुस्त केली आणि घडी करून मला परत दिलं. "हे जाणाऱ्याले देते, म्याडम. मी कुठी जाऊन राह्यलो?" मग म्हणाले, "बाईले सांगाले जाचं हाये. एकट्यानं तोंड दाखवाले होत नाई. येता काय?"

धान कापणीचे दिवस होते. जीपने आम्हाला सडकेवर सोडलं आणि बांधाबांधाने आम्ही नाल्याकडे निघालो. बडेबाबूंच्या बगलेत कपाटातली ती शाल होती, कागदात गुंडाळलेली. वाटेत ते बोलण्याची तालीम करत होते. "बाई, माझ्याच्यानं झालं नाई," असं एकदा मोठ्याने, एकदा हळू. काठावर आलो तर दगडांची रांग नव्हती. सात खड्डे तेवढे उरले होते. बडेबाबू त्या खड्ड्यांकडे बघत राहिले. "दगडही गेले," ते म्हणाले.

दगड गेले नव्हते. खाली नाल्यात होते. गावाने पाणी उतरल्यावर गोटे रचून त्यांवर एकेक कोनशिला आडवी बसवली होती, पाऊल पडेल इतक्या अंतरावर, या काठापासून त्या काठाकडे. अक्षरं वरच्या अंगाला होती. पलीकडे बाई उभी होती, कापणीचा विळा कमरेला. तिने नेहमीच्या आवाजात सांगितलं, "कंपनी गेली म्हणते. आमच्या जाग्यावर ठेवले होते, आमी घेतले. अक्षरं वर ठेवलीत, पाय घसरत नाई. ये."

बडेबाबूंनी बूट काढले. साहेबांच्या नावावर बूट घालून पाय ठेवणं त्यांच्याने झालं नसतं, मग साहेब कसाही असो. पहिल्या दगडावर पाय ठेवला, दुसऱ्यावर गेले आणि सवयीप्रमाणे मला मागे वळून ओळख करून देत निघाले. "हे तिसरे. मजबूत हायेत. हे चौथे. पाचव्यावर जपून, म्याडम, हे हालतात." मी म्हटलं, ते आधीही हलायचेच. ते हसले. सातव्या दगडावर जाऊन थांबले, कारण पुढे दगड नव्हता. सातवा दगड आणि काठ यांच्यात दीड पावलाचं पाणी होतं, आणि धार नेमकी तिथूनच जात होती. गावाने तिथे गोटा टाकून पाहिला होता, तो वाहून गेला होता.

"एक कमी पडला," बाई म्हणाली.

बडेबाबू पाण्याकडे बघत होते. "आठवे साहेब आले असते तं पुरलं असतं."

"नको बापा," बाई म्हणाली. तिने विळा काठावर टाकला, लुगडं वर खोचलं आणि सत्तरीची ती बाई गुडघाभर धारेत उतरून हात पुढे करून उभी राहिली. "मी पुरते. ये."

तालीम केलेलं वाक्य बाजूला ठेवून बडेबाबूंनी हात पुढे केला. ते तिच्या हाताला धरून काठावर गेले. तिथे ते मागे वळले तेव्हा मला दिसलं. दोन्ही डोळे वाहत होते, आणि पेटीवाल्याच्या बाजूला तर कोणी नव्हतंही. काठावर पोचल्यावर त्यांनी कागद फाडून शाल काढली आणि बाईच्या खांद्यावर घातली. भाषण झालं नाही. बाई म्हणाली, "ओली होते न," पण काढली नाही.

आता बडेबाबू पलीकडेच राहतात, बाईच्या घरामागच्या खोलीत. मी ब्रह्मपुरीला परत आले. पूल अजून झालेला नाही, आणि पाऊस लागला की ते सातही साहेब चार महिने पाण्याखाली जातात. तिथे फोन लागत नाही, त्यामुळे त्या दिवसांत दोघांची खबर मिळत नाही. दिवाळीच्या सुमाराला मग कोणाच्या तरी हाताने एक पुरचुंडी येते, त्यात चारोळी असते. ती मिळाली की मी समजते, पाणी उतरलं, दोघंही आहेत. मानपत्र अजून माझ्याकडेच आहे. त्यांनी दुरुस्त केलेली ती वेलांटी पेनाच्या निळ्या शाईत दिसते.